क्लाउड संगणनातील ओळख-व्यवस्थापन व खासगीपणा

दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर, साठवण आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने वापरणे म्हणजे क्लाउड संगणन. अशा व्यवस्थेत समोरचा माणूस वा प्रोग्रॅम कोण आहे हे पडताळणे, त्याला कशाकशाला हात लावता येईल हे ठरवणे आणि त्याने काय केले याची नोंद ठेवणे, या तीन कामांना मिळून ओळख-व्यवस्थापन म्हणतात. यातल्या तिसऱ्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रत्यक्षात चोरी उघडकीस येते ती बहुधा त्याच्यामुळेच.

विकास : रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये नेटवर्कवर ओळख पटवण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारे एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’त १९८०च्या दशकात कर्बेरॉस ही प्रणाली तयार झाली. पासवर्ड प्रत्येक सर्व्हरला न देता, विश्वासातल्या एका केंद्राकडून मुदतीचे तिकीट घेऊन ते सगळीकडे दाखवायचे, ही तिची मूळ कल्पना आजही टिकून आहे. संस्थेच्या कुंपणाबाहेर ती नेण्यासाठी सॅमल (२००२, दुसरी आवृत्ती २००५), ओऑथ २.० (२०१२) आणि ओपनआयडी कनेक्ट (२०१४) ही मानके आली.

टोकन : वापरकर्ता लॉग-इन झाला की ओळख देणारी सेवा त्याला टोकन देते. सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात टिंबांनी जोडलेले तीन तुकडे असतात. पहिल्यात सहीची पद्धत असते. दुसऱ्यात टोकन कोणी दिले, कोणासाठी, कोणत्या सेवेकरिता आणि कधीपर्यंत, हा मजकूर असतो. तिसऱ्यात त्या दोन्हींवरची डिजिटल सही असते. मधला मजकूर सहसा कुलूपबंद नसतो. टोकन हाती पडले तर कोणालाही तो वाचता येतो. सगळा भरवसा सहीवर असतो, आणि सही ज्या गुप्त किल्लीने होते ती किल्ली क्लाउड कंपनीकडे असते. ती ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. तो हवे त्याचे टोकन स्वतःच बनवू शकतो.

२०२३चे मायक्रोसॉफ्ट प्रकरण : या विषयातील सर्वांत तपशीलवार नोंदलेली घटना हीच आहे, कारण अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने तिची चौकशी करून एप्रिल २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ‘स्टॉर्म-०५५८’ असे नाव दिलेल्या हल्लेखोर गटाने मे २०२३ पासून २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींच्या मेलपेट्या वाचल्या. अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधील राजदूत निकोलस बर्न्स यांच्या पेट्याही त्यांत होत्या. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० मेल गेल्या. हा गट चीनशी संबंधित असल्याचे मायक्रोसॉफ्ट व अमेरिकी सरकार सांगतात. चीनने ते नाकारले आहे.

हल्लेखोरांकडे २०१६ मध्ये तयार झालेली एक सही-किल्ली होती. ती मायक्रोसॉफ्टच्या घरगुती खात्यांसाठी होती आणि २०२१ मध्येच वापरातून जायला हवी होती. अशा किल्ल्या हाताने बदलल्या जात. त्या कामात सेवा बंद पडल्यावर २०२१ मध्ये बदलणेच थांबले आणि जुनी किल्ली चालू राहिली. दुसरी चूक पडताळणीतली होती. घरगुती किल्लीने केलेली सही सरकारी व व्यावसायिक मेलसाठी नाकारली जायला हवी होती, पण मेल सेवेने ती मान्य केली. किल्ली नेमकी कशी गेली, यावर कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये एक स्पष्टीकरण दिले. त्याला ठोस पुरावा नसल्याची दुरुस्ती मात्र मार्च २०२४ मध्ये आली. हा हल्ला टाळता येण्याजोगा होता, असा बोर्डाचा निष्कर्ष आहे.

चोरी पकडली ती परराष्ट्र खात्याने, १५ जून २०२३ रोजी. त्या खात्याने वरच्या दराची योजना घेतली होती. कोणती मेल कोणत्या ॲपमधून उघडली गेली, ही नोंद तिच्यात मिळत असे. त्या नोंदींवर खात्याच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः बेतलेला इशारा वाजला. साध्या योजनेतल्या ग्राहकांकडे ही नोंदच नव्हती, म्हणजे त्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या असत्या तरी त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. आपल्या मालाला कोणी हात लावला हे पाहण्यासाठी ग्राहकाने जादा पैसे मोजावे, ही रचनाच चुकीची होती. पुढे मायक्रोसॉफ्टने या नोंदी जादा शुल्काशिवाय खुल्या केल्या.

यंत्रांची ओळख : क्लाउडमध्ये माणसांइतकीच प्रोग्रॅमनाही ओळख लागते. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेची फायरवॉल नीट बसवलेली नव्हती. तिला फसवून १६९.२५४.१६९.२५४ या अंतर्गत पत्त्यावर विनंती पाठवली गेली. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये या पत्त्यावरून सर्व्हरला त्याचीच तात्पुरती ओळखपत्रे मिळतात. ती चोराच्या हाती पडली. फायरवॉलला साठवणीतल्या फाइली वाचण्याचाही अधिकार होता, जो तिच्या कामाला लागत नव्हता. अमेरिका व कॅनडातील सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली आणि बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला.

खासगीपणा : सगळीकडे एकाच खात्याने लॉग-इन करण्याची सोय झाली की, ती सोय देणाऱ्या कंपनीला माणूस केव्हा, कोणत्या सेवेत शिरला हे आपोआप समजते. डेव्हिड चॉम यांनी १९८५ मध्येच यावर वेगळी वाट दाखवली होती : पात्रता सिद्ध करावी, पण ओळख उघड करू नये. यान कामेनिश आणि ॲना लिस्यान्स्काया यांनी २००१ मध्ये त्यासाठी व्यवहार्य गणिती पद्धत दिली. वय अठराच्या वर आहे एवढेच, जन्मतारीख न सांगता, तिने सिद्ध करता येते. किम कॅमरन यांच्या २००५ मधील, डिजिटल ओळखीविषयीच्या सात नियमांतही, कामापुरतीच आणि तीही संमतीने माहिती द्यावी, यावर भर होता. गणित तयार असूनही ही पद्धत फारशी रुजली नाही, कारण ओळख देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ती माहिती सोडून देण्यात लाभ नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, युरोपीय संघात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे.

भारत : आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. एकच क्रमांक सगळीकडे दिल्याने माणसाच्या नोंदी एकमेकींना जोडता येतात, हा त्यावरचा मुख्य तांत्रिक आक्षेप होता. २०१८ मध्ये आलेला १६ अंकी, बदलता येणारा आभासी क्रमांक हे त्यावरचे उत्तर होय. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आधारलाच आव्हान देणाऱ्या पुट्टास्वामी खटल्यात एकमताने ठरवले.

मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील क्लाउड केंद्र २०१५ मध्ये आणि ॲमेझॉनचे मुंबईतील २०१६ मध्ये सुरू झाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर असते. तिने काम क्लाउड कंपनीकडे सोपवले तरी ही जबाबदारी सुटत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनी यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे सक्तीचे केले. अधिनियमाखालील, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत ही मुदत एक वर्ष आहे.