पाच काडतुसांची पेटी

शिकारीसाठी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घ्यायची, तर तिचं मॅगझिन कुठल्या पद्धतीचं असावं? अमेरिकेत किंवा जर्मनीत हा प्रश्न दुकानात उभं राहून सोडवतात. काढता येणारी पेटी हवी, की रायफलीच्या पोटात कायमची बसवलेली? पोटातलीच हवी, तर खाली उघडणारी झडप हवी की नको? आपल्याकडे हा प्रश्न आता कोणाला पडत नाही, कारण १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपवली, आणि ते चांगलंच झालं. पण शिकार जोरात होती तेव्हा तरी इथल्या शिकाऱ्याला ही निवड करता येत होती का? याचं उत्तर शोधताना मी बंदुकांवरून भलतीकडेच गेलो. म्हणून हा वीकएंड यावर.

आधी थोडं मेकॅनिकल, कंटाळू नका. बोल्ट म्हणजे आपली दाराची कडीच. वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामा कोश बाहेर पडतो. पुढे ढकलायची, की नवं काडतूस नळीत जातं. खाली दाबली की दार बंद. हे नवं काडतूस बोल्टच्या वाटेत आणून ठेवणं एवढंच मॅगझिनचं काम. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगायचं तर तो चक्क स्टॅक आहे. शेवटी आत गेलेलं पहिलं बाहेर येतं, आणि खालून स्प्रिंग ढकलत असते. डेटा स्ट्रक्चर्स शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत कोण जाणे. ताटांची चवड देतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत युरोपातली सैन्यं याच स्टॅकच्या मागे लागली होती. फ्रेंचांच्या १८८६ च्या लेबेल रायफलीत नळीखाली दुसरी नळी होती आणि तिच्यात आठ काडतुसं एकामागे एक, रांगेत. म्हणजे प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या ढुंगणाला लागलेलं, आणि काडतूस पेटवणारी टोपी नेमकी तिथेच असते. टोकदार गोळ्या आल्यावर ही रचना धोक्याची ठरली.

ऑस्ट्रियाच्या मान्लिखरने वेगळा विचार केला. पाच काडतुसं पोलादी पाकिटात घालायची आणि अख्खं पाकीटच रायफलीत दाबायचं. शेवटचं काडतूस नळीत गेलं की रिकामं पाकीट खालच्या भोकातून टपकन पडतं. झटपट काम. पण त्याच भोकातून चिखलही आत येतो, आणि पाकिटं संपली की रायफल एकबारी झाली. जर्मनीच्या पॉल माउझरने १८९० च्या दशकात पेटी रायफलीच्या पोटातच लपवली. पाच काडतुसं दोन रांगांत, एक डावीकडे एक उजवीकडे, त्यामुळे खाली काही लोंबत नाही.

आणि चौथा जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्म, कॅनडात वाढला, काम अमेरिकेत. १८७९ मध्ये त्याने पत्र्याच्या सुट्या पेटीचं पेटंट घेतलं. ब्रिटिशांनी १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत ती घेतली, आधी आठ काडतुसांची, मग दहाची. गंमत पुढे आहे. पेटी काढता येते हा लीच्या कल्पनेचा सगळा मुद्दा, आणि लष्कराने काय केलं? पेटी साखळीने रायफलीला बांधून टाकली! स्टेशनवरच्या पाणपोईचा पेला आठवा, तसंच. शिवाय पेटीच्या तोंडावर एक सरकती पट्टी लावली. ती आत सरकवली की पेटीतली काडतुसं वर येत नाहीत, शिपायाने एकेक हाताने भरायचं. पेटीतला साठा साहेबाने हुकूम दिल्यावर. दहा गोळ्या हाताशी आल्या की शिपाई उधळपट्टी करणार, ही साहेबाची भीती. फीचर बनवायचं, शिप करायचं आणि मग मॅनेजमेंटने ते बंद करून ठेवायचं, हा प्रकार आपल्या इंडस्ट्रीने शोधलेला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं आणि वेळ दोन्ही कमी पडायला लागल्यावर, १९१६ च्या मॉडेलमध्ये ती पट्टी गेली.

आता शिकाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला दहा गोळ्या नकोच असतात. पहिली लागली नाही तर दुसरीला जेमतेम संधी मिळते, तिसरी हवेत. त्याला हवं असतं ते वेगळं: मचाणावर खडखड होऊ नये, खांद्यावर वाहताना खाली काही टोचू नये, आणि दाट झुडपातून जाताना पेटी निसटून पडू नये. माउझरचं पोटातलं मॅगझिन इथे सरस. खाली झडप असेल तर जीपमध्ये चढण्याआधी खटका दाबून सगळी काडतुसं हातात घेता येतात, एकेक बोल्टमधून काढत बसावं लागत नाही. माझं विचाराल तर मी तीच घेतली असती. सुटी पेटी हरवली की महागडी रायफल एकबारी होते, आणि मी छत्र्या किती हरवतो ते घरच्यांना विचारा.

जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ मध्ये जी रिग्बीची .२७५ बक्षीस मिळाली, ती माउझर पद्धतीचीच. केनेथ अँडरसनच्या गोष्टींतली .४०५ विंचेस्टर बोल्टची नव्हे, लिव्हरची. पण तिच्यातही नळीखालची नळी नाही, पोटात पेटी आहे. मराठीत या दोघांची भाषांतरं वाचून वाढलेल्यांनी रायफलींची नावं पाठ केलेली असतात, पेट्यांकडे मात्र कोणी बघत नाही.

मग भारतात सर्वात जास्त दिसणारी शिकारी रायफल माउझरची असायला हवी होती. तशी ती नाही. ती आहे .३१५, आणि तिला लीची पेटी आहे. हे कसं झालं, तो खरा किस्सा.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक धडा पक्का गिरवला होता. देशी पलटणींच्या हातातलं हत्यार गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागे ठेवायचं. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत गोरे शिपाई ली-मेटफर्ड घेऊन होते आणि त्यांच्याच बाजूने लढणारे हिंदी शिपाई एकबारी मार्टिनी. बाकी जनतेसाठी लिटनचा १८७८ चा शस्त्रकायदा होता. हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियनाला माफी. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने तो बदलायची मागणी केली होती, हे आपल्या शाळेच्या इतिहासात कुठे वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढची पायरी काडतुसांची. बंदूक चोरली तरी काडतूस कुठून आणणार? लष्कराच्या कोठारातून. म्हणून लष्करी मापाची काडतुसं खाजगी रायफलीत चालताच कामा नयेत. १९०७ च्या सुमारास भारतात .४५० च्या रायफलींवर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनीचं माप तेच. इंग्लंडचे बंदूकवाले हादरले, हत्तीच्या शिकारीच्या रायफली त्याच मापाच्या होत्या. त्यांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं पुढे आणली. .३०३ तर सैन्याचंच माप, ते खाजगी माणसाला बंद.

आता बर्मिंगहॅमच्या बीएसएकडे (हो, तीच मोटरसायकलवाली) ली पद्धतीच्या रायफली बनवायचा सगळा कारखाना तयार. भारतात गिऱ्हाईक तयार. अडचण फक्त काडतुसाची. तोडगा निघाला मान्लिखरच्या काडतुसाचा: आठ मिलिमीटर गोळी, पन्नास मिलिमीटरचा कोश. आठ भागिले २५.४ करून बघा, .३१५ येतं. नावाचं रहस्य एवढंच. ही गोळी .३०३ च्या नळीत जात नाही, पण कोशाच्या तळाची कड, म्हणजे रिम, .३०३ च्या जवळपास मापाची. त्यामुळे लीच्या बोल्टमध्ये थोड्या फेरफारात बसते.

ही कडच पेटी ठरवते. कडवाली काडतुसं एकावर एक रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. उलटं झालं की बोल्ट पुढे ढकलताना वरचं काडतूस खालच्यालाही ओढायला बघतं आणि सगळं अडकतं. थ्री नॉट थ्री हाताळलेल्या कोणालाही विचारा, भरताना किती जपावं लागायचं. लीची पेटी या कडांचा हिशेब धरूनच तिरकी घडवलेली होती. माउझरच्या दोन रांगा बिनकडेच्या काडतुसांना शोभतात. म्हणजे कायद्यामुळे काडतूस ठरलं आणि काडतूस व कारखाना यांनी मिळून पेटी ठरवली. शिकाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. पेटी दहाची राहिली नाही, पाचाची झाली.

बरं, मान्लिखरचं काडतूस घेतलं पण त्याचं पाकीट नाही घेतलं. ऑस्ट्रियन काडतूस, स्कॉटिश-अमेरिकन पेटी, इंग्रजी कारखाना, हिंदी गिऱ्हाईक. आमच्या उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जोक तुम्ही ऐकलाच असेल. कॅम्प एकला राहणारा मी तरी या रायफलीला नावं ठेवणार नाही. आणि आमचे हे 'कॅम्प' मुळात त्याच साहेबाचे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची ही छावणी उठली, फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बराकींत राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी गावाला नाव दिलं. शहाड स्टेशनला उतरून आजही माणूस 'कॅम्प एक' म्हणतो, तेव्हा लष्कराने घातलेला आकडाच बोलत असतो.

स्वातंत्र्यानंतर बंगालातल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने .३१५ बनवणं चालू ठेवलं. काडतुसं आपल्या खडकीची, कोशाच्या बुडावर 'केएफ' ठोकलेलं.

याच इशापूरमधली आणखी एक वस्तू मला सर्वात जास्त खटकली. इंग्रजांच्या काळात पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी तिथे जुन्या ली-एनफिल्ड रायफली बदलून .४१० च्या मस्केट बनवल्या गेल्या. नळीतले आटे काढून ती गुळगुळीत केली, म्हणजे लांबचा नेम गेला. आणि पेटीच्या जागी? लाकडाचा ठोकळा. चांगली दहा काडतुसांची जागा, तिच्यात लाकूड ठोकून एकबारी केली. शिपाई आपलाच, पगार आपणच देतो, पण एका वेळी एकच गोळी. साखळी, पट्टी आणि ठोकळा या तिन्हींत भरवसा कमी कमी होत गेलेला दिसतो. असल्या मस्केट स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होत्या.

१९६२ ला चीनसमोर आपलं पायदळ बोल्टवाली .३०३ घेऊन उभं होतं. त्यानंतर इशापूरने तीच ली पद्धत ७.६२ च्या बिनकडेच्या काडतुसासाठी वापरली, ती टू-ए. तिची पेटी बघितली तर एकदम चौकोनी, बारा काडतुसांची. कड गेली, तिरकेपणा गेला. एका मिलिमीटरभर पितळेने पेटीचा आकार कसा ठरतो ते बघायचं असेल तर या दोन रायफलींचे फोटो शेजारी ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर पोलिसांच्या हातात लाठ्या आणि .३०३ होत्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला रीतसर निरोप दिला तो थेट २६ जानेवारी २०२० ला.

अंबरनाथवरून जाताना 'ऑर्डनन्स'ची भिंत दिसते. २०२१ च्या १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सगळ्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथ एका कंपनीत, खडकी दुसऱ्या, इशापूर तिसऱ्या. लीची पेटी त्यातल्या तिसरीकडे गेली.

.३१५ आजही परवान्यावर मिळते. घेणारा शिकारी नसतो, स्वसंरक्षणासाठी घेतो. शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी. आणि परवान्यात एक रकाना असतो: एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची. तो आकडा जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात भरला जातो.