साठ वर्षांपूर्वींचा साजशृंगार

जुन्या वेषभूषेसंबंधीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्ता बहुधा पेशवाईंतील पैठणीपासून प्रारंभ करतो. मी इतका मागें जाणार नाहीं. माझा विषय १९६० ते १९७० या दशकांतील आहे, आणि स्थळही दूरचें नाहीं. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली. त्या काळीं मी कल्याणच्या एका चाळींत वाढत होतों. पुढें मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों आणि निवृत्त होईपर्यंत राजेरजवाड्यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु माझ्या आईच्या अंगावरचें वस्त्र केव्हां बदललें आणि कां बदललें, हें मला कोणीं विचारलें नाहीं व मींही कोणास सांगितलें नाहीं.

सामान्य समजूत अशी आहे कीं, त्या दशकाचा सारा नटवेपणा चित्रपटांतून आला. ती अगदींच खोटी नाहीं. १९६० सालीं 'लव्ह इन सिमला' पडद्यावर आला आणि त्यांतील नायिका साधना हिची कपाळावर केस कापून सोडण्याची तऱ्हा गांवोगांव गेली. आमच्या चाळींतील एका मुलीनें शिवणाच्या कात्रीनें आपले केस तसे कापले, तेव्हां तिच्या आजीनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं. पण केस कोणाचेही घरचेच असतात. कापड कोठून येई, हा माझा प्रश्न आहे. त्याचें उत्तर मुंबईच्या चित्रपटगृहांत नसून आमच्याच जिल्ह्यांत आहे.

ठाण्याचा आणि कापडाचा संबंध फार जुना. तेराव्या शतकांतील प्रवासी मार्को पोलो यानें ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या मालांत कातडें, जाडें कापड आणि कापूस यांचा उल्लेख केलेला आहे. माझ्या लहानपणीं ही परंपरा वेगळ्या रूपानें चालू होती. ठाण्यास रेमंडची लोकरीची गिरणी होती. कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस पहिलें स्थानक शहाड. तेथें सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. त्याच्या पुढलें आंबिवली. तेथून जवळच मोहन्यास नॅशनल रेयॉनचा कारखाना, जो १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा होता. आणि १९६५ च्या सुमारास ठाण्याजवळ 'केमिकल्स अँड फायबर्स' या कंपनीनें टेरिलीनचा धागा काढण्यास आरंभ केला. इंग्लंडांत १९४१ सालीं शोधला गेलेला धागा पाव शतकाच्या आंत आमच्या खाडीकांठीं निघूं लागला. ज्या वस्त्रांना लोक 'मुंबईची फॅशन' म्हणत, त्यांचें सूत पुष्कळदां आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातून गेलेलें असे.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, कल्याणजवळच्या एका रेयॉनच्या कारखान्यांत कातणखात्यांत होते. रेयॉन म्हणजे काय, हें मीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं त्यांच्याकडून ऐकलें. लाकडाचा लगदा दाहक सोड्यांत मुरवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाईड नांवाच्या द्रव्याचा संस्कार करावयाचा, मग मधासारखा घट्ट झालेला तो रस बारीक छिद्रांच्या तोटींतून गंधकाम्लाच्या कुंडांत सोडावयाचा. तेथें त्याचे तंतु बनतात. दिसावयास रेशीम, मुळांत झाड. म्हणून बाजारांत त्याला 'आर्ट सिल्क' असें भारदस्त नांव होतें. दादा घरीं येत तेव्हां त्यांच्या खाकी सदऱ्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असे. आई तो सदरा निराळ्या बादलींत भिजवी. दादांच्या अंगावर मीं जन्मांत कधीं रेयॉन पाहिलें नाहीं. त्यांच्या पाळीच्या इतर माणसांच्या अंगावरही नाहीं. सगळे मांजरपाटाचे आणि खाकीचे धनी.

त्या काळीं आणखी एक बदल घडत होता. आमच्या चाळींतील प्रौढ बायका नऊवारी लुगडें नेसत, आणि नव्यानें संसारास लागलेल्या मुली पांचवारी गोल पातळ नेसूं लागल्या होत्या. कारण सौंदर्याचें नव्हतें असें नाहीं. पण सकाळची गाडी गांठून मुंबईच्या कचेरींत टंकलेखन करणाऱ्या मुलीला नऊ वार सांवरणें जड जाई, आणि चार वार कापड कमी लागे, हेंही विसरतां कामा नये. १९६६ सालीं जूनमध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें होतें; शिधापत्रिकेवर लाल मिलो मिळत असे. त्या वर्षाच्या दिवाळींत दादांनीं आईसाठीं आर्ट सिल्कचें पांचवारी पातळ आणलें. मोरपिशी रंगाचें होतें. आईनें तोंवर गोल पातळ कधीं नेसलें नव्हतें. पाडव्याच्या संध्याकाळीं तें नेसून ती दारांत उभी राहिली आणि लगेच आंत गेली. चाळींतल्या माई म्हणाल्या, "अग, बाहेर ये कीं! चोरी का केली आहेस?"

पातळ एकदांच नेसलें गेलें. पुढल्या आठवड्यांत आईनें तें नेहमींच्या लुगड्यासारखें दगडावर आपटून धुतलें आणि पिळा घातला, तों मधोमध फाटलें. रेयॉनचा धागा ओला झाला म्हणजे त्याचें बळ निम्म्याच्या आसपास येतें. दादा रात्रपाळीहून आले तेव्हां तें दोरीवर तसेंच होतें. ते म्हणाले, "अग, तें लाकूडच. ओलें असलें कीं दम धरीत नाहीं."

"अहो, मग आधीं सांगायचें नाहीं का?" आई म्हणाली.

दादांनीं उत्तर दिलें नाहीं. इतकीं वर्षें तो धागा हाताळणाऱ्या माणसाला तो घरीं कसा धुवावा हें सांगण्याची वेळच आली नव्हती. घरांत तो आला कोठें होता? त्या दोघांपैकीं चूक कोणाची, याचा निवाडा मला अद्याप करतां आलेला नाहीं.

प्रसाधनांची कथा यामानानें सोपी आहे. आईच्या फळीवर तीन वस्तु असत : मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि अफगाण स्नोची कांचेची कुपी. मेणाचें बोट टेंकून त्यावर कुंकू लावावयाचें, ही जुनी रीत. ओल्या कुंकवाच्या बाटल्या आणि चिकटटिकल्या आल्यावर ती मागें पडली. अफगाण स्नो हा पाटणवाला यांनीं मुंबईंत १९१९ सालीं काढलेला. लॅक्मे १९५२ ची, टाटांची. तिचें नांव एका फ्रेंच संगीतिकेवरून आलें असलें तरी त्याचें मूळ आपल्या 'लक्ष्मी'त आहे. लॅक्मे आमच्या चाळींत फक्त कचेरींत जाणाऱ्या मुलींकडे असे. १९६७ च्या नोव्हेंबरांत विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हां ज्या वस्तु घरांत नव्हत्या त्यांचींही नांवें आम्हां मुलांना पाठ झालीं.

आतां झाडांकडे वळतों. चाळीला अंगण नसे, पण गजरा तर हवा! म्हणून प्रत्येक गॅलरींत डालडाचे डबे. तळाला खिळ्यानें भोकें पाडून एकांत तुळस, एकांत मोगरा, एकांत अबोली. सकाळीं दहाच्या सुमारास उमलतें म्हणून ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणत, तें लहानसें गुलाबी फूलही असे. वास्तविक तें उमलावयाच्या आधींच ऑफिसला जाणारे गाडींत बसलेले असत. मनी प्लँट मात्र खास त्या दशकाचा पाहुणा. त्याचें मूळ स्थान पॅसिफिक महासागरांतील एक बेट. चोरून आणलेला वेलच भरभराटतो अशी समजूत असल्यामुळें अत्यंत सच्छील गृहिणीही शेजारच्या वेलाचें एखादें पेर खुडीत. आईनें आमचें पेर माईंकडून उचललें आणि स्नोच्या रिकाम्या कुपींत पाणी घालून खिडकींत ठेवलें. मुळें फुटल्यावर तें डब्यांत गेलें, आणि त्याला काठीशीं बांधण्यास मोरपिशी पातळाच्या चिंध्या कामीं आल्या.

त्या चिंध्या एका पावसाळ्यांत कुजून गेल्या. शेवटीं तें झाडच. १९६९ सालीं ठाण्याच्या वागळे इस्टेटींत नोकरीस असलेल्या मामांनीं मला टेरिलीनचा सदरा घेतला होता. तो आंखूड झाल्यावर आईनें त्याच्या पट्ट्या काढून वेल पुन्हां बांधला.

मोहन्याचा कारखाना २००९ सालीं बंद पडला आणि त्याच वर्षीं ठाण्याची लोकरीची गिरणीही. तिच्या जागेवर आतां उंच इमारती आहेत. डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत माझी नात शिवलेली तयार नऊवारी घालते, नाकांत नथ अडकवते आणि मोटारसायकल चालवते. आईचा वेल डोंबिवलीच्या आमच्या गॅलरींत आहे. काठी दोनदां बदलली, डबा जाऊन कुंडी आली. सदऱ्याची ती पांढरी पट्टी मात्र प्रत्येक वेळीं सोडून मीं पुन्हां बांधली आहे, आणि ती अजून तुटलेली नाहीं.