मीठ धुणारं घर

नाशिकच्या अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागा. कॅमेरा गळ्यात असू द्या. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे पडलं की गोदाकाठचं जलालपूर येतं. तुम्ही पोचाल तेव्हा १८७५ च्या आसपासचा एखादा दिवस असेल. फ्लॅटच्या जाहिराती नाहीत, हॉर्न नाहीत. फक्त नदीचा आवाज.

गोखल्यांच्या अंगणात कडेलाच उभे राहा, कशाला हात लावू नका. सत्तावनच्या बंडापायी सासरे फाशी गेले, आणि तेव्हापासून नारायणराव गोखल्यांना सोवळ्याने पछाडलंय. बाजारातली कुठलीच जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नाही, मीठसुद्धा. वाकून बघा: ओंजळीतले खडे पाण्यात बुडतात, त्यांच्या कडा झिजतात, बोटांच्या फटींतून पाणी ओघळतं. शुद्ध करता करता मीठच निम्मं वाहून जातंय. तुम्ही फोटो घेता. दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी मनूही हे बघते आहे. तिच्याकडे कॅमेरा नाही, पण साठेक वर्षांनी हेच घर ती शब्दांत उभं करणार आहे.

आता आगगाडीत बसा. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी. समोर मनूचे यजमान, कवी नारायण वामन टिळक. एक गोरा सहप्रवासी त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवतो. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो आणि मनूचा, म्हणजे आता लक्ष्मीबाईंचा, संसार उसवतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे येतात, पण आपलं सोवळं बरोबर घेऊन. मग एके दिवशी एकट्याच विचार करत बसल्या असता त्यांना प्रश्न पडतो: जात देवाने केली की माणसाने? उठतात त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवूनच. तुम्ही कॅमेरा रोखता, पण टिपणार काय? एक बाई उठून चालू लागली, एवढंच दिसतं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणखी दहाएक वर्षं पुढे या, गिरगावातल्या तंबूतल्या अंधारात. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र हलतंय. शेजारच्या खुर्चीत चाळिशीचा एक माणूस, मूळचा त्र्यंबकेश्वरचा, कधीकाळी फोटोग्राफीवर पोट भरलेला: धुंडिराज गोविंद फाळके. डोळ्यांपुढून येशू सरकत असताना त्याला राम-कृष्ण दिसू लागतात, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागते. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात हे त्यानेच लिहून ठेवलं. पुन्हा तोच खेळ बघायला तो पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन येतो. थोड्याच दिवसांत कुंडीतल्या वाटाण्याची वाढ तो कॅमेऱ्यात टिपेल आणि कोऱ्या फिल्मला सरस्वतीबाई अंधारात चाचपत भोकं पाडतील. पुढे त्याच्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढतील.

ख्रिस्त एकच. टिळकांना तो पुस्तकात भेटला आणि त्यांचं घर बदलून गेला. फाळक्यांना तो पडद्यावर भेटला आणि त्यांना स्वतःच्या देवांची भूक लावून गेला. चित्र कुणाला श्रद्धा देत नसावं. आत काय रिकामं आहे, तेवढं उजेडात आणत असावं.

शेवटचा मुक्काम १९३४. लक्ष्मीबाईंच्या आत्मकथेचा पहिला भाग निघालाय. नाव ‘स्मृतिचित्रे’. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ या अपुऱ्या काव्याचे ६४ अध्यायही रचले. १९३६ मध्ये त्यांनी नाशिकातच डोळे मिटले. फाळकेही १९४४ साली याच गावात गेले.

परत या. जलालपूरच्या काठावर ऊन तापलंय. स्क्रीनवर मिठाचा फोटो शोधता. ओल्या तळव्याखेरीज त्यात काही नाही. तेवढ्यात जवळच्या घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. नाव-गाव तुम्ही विचारत नाही. मात्र तांब्या धरायचा तर कॅमेरा सोडावा लागतो. तुम्ही तो सोडता.