हाय-हॅटचा पाय कुठे गेला?

संगणकावर ड्रम प्रोग्रॅम केले असतील तर हे तुमच्याही कानाला खटकलं असेल. किक खरी वाटते, स्नेअर खरा वाटतो, पण हाय-हॅट सुरू झाली की चार ठोक्यांत कळतं, हे काही माणूस वाजवत नाहीये. धातूच्या पातळ चकत्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आवाज कसा तयार होतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे या प्रश्नाकडे मी जरा जास्तच ओढली जाते. आज गणितं बाजूला ठेवून त्याचा इतिहास बघू.

आधी वाद्य. हाय-हॅट म्हणजे स्टँडवर एकावर एक बसवलेल्या दोन झांजा. त्यांच्यातलं अंतर पायाखालच्या पेडलने बदलतं. पाय घट्ट दाबून काठी मारली की ‘टिक्’. थोडा सैल सोडला की दोन्ही झांजा एकमेकींवर थरथरतात आणि ‘त्स्श्श’ असा खरखरीत आवाज येतो. पूर्ण सोडला की लांब झंकार. गंमत अशी, की काठी मारून झाल्यावरही पाय आवाज बदलत राहतो. तबला ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगायला नकोच: डग्ग्यावर बोट पडल्यानंतर मनगटाच्या दाबाने घुमारा कसा वळतो ते आठवा. म्हणजे हाय-हॅट हा एक आवाज नाही, ती एक सतत बदलणारी अवस्था आहे. आणि यंत्रांना सुरुवातीपासून हवे होते ते सुटे सुटे आवाज.

१९८० साली दोन यंत्रं आली. रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये झांजेचं रेकॉर्डिंग नव्हतंच. सहा ऑसिलेटरचे चौकोनी तरंग, तेही एकमेकांशी बेसूर, मिसळून फिल्टरमधून काढले की धातूसारखा खणखणाट तयार होई. बंद हॅट वाजली की उघड्या हॅटचा आवाज तिथेच तुटे. पायाची सगळी कामगिरी या एका नियमात बसवलेली! आजचे सॅम्पलर ज्याला ‘चोक ग्रुप’ म्हणतात, तो हाच.

दुसरं यंत्र रॉजर लिन यांचं एलएम-१. खऱ्या ड्रमची डिजिटल रेकॉर्डिंग्ज वाजवणारं हे पहिलं ड्रम मशीन, किंमत सुमारे ५,००० डॉलर. मेमरी इतकी महाग होती, की मोठ्या झांजा, म्हणजे क्रॅश आणि राइड, त्यात घेतल्याच नाहीत. हिशोब सोपा आहे: ८ बिट आणि सेकंदाला सुमारे २८,००० नमुने, म्हणजे एका सेकंदाला २८ किलोबाइट. झांज तर कित्येक सेकंद घुमते. हाय-हॅटसाठी मग एक युक्ती केली. छोटंसं रेकॉर्डिंग आत अखंड फिरत ठेवायचं आणि ठोका आला की आवाजाचं दार तेवढ्यापुरतं उघडायचं. दार दर वेळी वेगळ्या जागी उघडल्यामुळे लागोपाठचे दोन ठोके तंतोतंत सारखे येत नसत. मेमरी वाचवायला केलेल्या जुगाडाने हॅटमध्ये जीव आला. पुढच्या कितीतरी ‘अचूक’ सॅम्पलरमध्ये तेच रेकॉर्डिंग तसंच्या तसं पुन्हा वाजतं आणि मशीनगनसारखा तडतडाट होतो. माझ्या मते त्या बाबतीत आपण काही वर्षं मागेच गेलो होतो.

१९९१ च्या जनरल मिडी प्रमाणाने हाय-हॅटला तीन क्रमांक दिले: ४२ बंद, ४४ पेडल, ४६ उघडी. सोय प्रचंड झाली, कुठलीही फाइल कुठल्याही यंत्रावर वाजू लागली. पण पायाच्या सगळ्या हालचालीचे तीन कप्पे झाले आणि प्रोग्रॅम करणारेही त्याच कप्प्यांत विचार करू लागले. खरं तर मिडीमध्ये फूट कंट्रोलर नावाचा चौथ्या क्रमांकाचा कंट्रोलर होताच: ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या. इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पेडलची स्थिती पुढे बहुतेक त्याच्यावरूनच पाठवली जाऊ लागली. पण १२८ पायऱ्या पाठवून उपयोग काय, पलीकडे रेकॉर्डिंग तीनच असतील तर?

हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर चित्र बदललं. २००३ च्या बीएफडीसारखी सॉफ्टवेअर मोठाली रेकॉर्डिंग्ज थेट डिस्कवरून वाजवू लागली. मग घट्ट, सैल, पाव उघडी, अर्धी उघडी अशा स्थिती, प्रत्येक स्थितीत हलक्या ते जोरदार ठोक्यांचे थर आणि प्रत्येक थरात तोच ठोका चार-पाचदा, आलटून पालटून वाजवायला.

तुम्ही स्वतः प्रोग्रॅम करत असाल, तर ठोक्यांच्या आधी पायाची रेघ काढून बघा. पाय कधी उचलला, कधी टेकवला ते ठरलं की कुठल्या ठोक्याला कुठलं रेकॉर्डिंग लागेल हे बरंचसं आपोआप ठरतं. पाय टेकवताना होणारा ‘चिक्’ही विसरू नका, काठी न मारता तो येतोच.

तरी एक जागा अजून अडते. उघडी हॅट घुमत असताना पाय अर्धाच खाली आणला, तर खऱ्या झांजा खरखरू लागतात. सॅम्पलरकडे मात्र उघड्या हॅटचं रेकॉर्डिंग आधीच सुरू झालेलं असतं. ते हळूहळू कमी करत सैल हॅटचं रेकॉर्डिंग वाढवता येतं, पण ती दोन वेगवेगळ्या ठोक्यांची रेकॉर्डिंग्ज. ती जुळत नाहीत, आणि कान ते पकडतो. म्हणून रेकॉर्डिंग सोडून झांजांची टक्करच गणिताने घडवायची, असा दुसरा मार्ग आहे. माझं काम त्या बाजूचं. दोन चकत्या एका सेकंदात किती वेळा एकमेकींना शिवतात हे मोजायला बसलं की संगणकाचा पंखा हॅटपेक्षा मोठ्याने वाजू लागतो, पण त्याबद्दल पुढच्या वेळी.