आंतरजाल दूरध्वनिविद्या, मुक्तस्रोत

मानवी आवाज व चलत्‌चित्र यांचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते आंतरजालावरून, म्हणजेच इंटरनेटवरून, पाठविण्याच्या तंत्राला आंतरजाल दूरध्वनिविद्या म्हणतात. या कामाच्या ज्या आज्ञावलींचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो, त्या मुक्तस्रोत होत.

परंपरागत दूरध्वनीत प्रत्येक संभाषणासाठी एक मंडल राखून ठेवावे लागते [⟶ दूरध्वनिविद्या]. आंतरजालावर मात्र आवाजाचे सामान्यतः २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते स्वतंत्र पाकिटांतून पाठवितात. ही पाकिटे मागेपुढे पोहोचतात व काही वाटेत हरवतात. ती क्रमाने लावणे, हरवलेल्यांची उणीव झाकणे आणि संभाषणात विलंब जाणवू न देणे हे या आज्ञावलींचे मुख्य कार्य होय.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या जालावर डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १९७०–८० या दशकात पाकिटांतून आवाज पाठविण्याचे प्रयोग केले. त्यांतून सिद्ध झालेला ‘नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘व्हॅट’ ही आवाजासाठी व ‘व्हिक’ ही चित्रासाठी अशा आज्ञावली तयार झाल्या. पाकिटांच्या वहनाचे नियम (आरटीपी) १९९६ मध्ये आणि संभाषण जोडण्याचे व तोडण्याचे नियम (एसआयपी) १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे नियम सर्वांस खुले असल्यामुळे स्वतंत्र आज्ञावलींना परस्परांशी बोलणे शक्य झाले.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ‘अ‍ॅस्टेरिस्क’ ही आज्ञावली लिहिण्यास प्रारंभ केला. आपल्या लहान व्यवसायासाठी खासगी दूरध्वनी केंद्र विकत घेणे त्यांना परवडत नव्हते. सर्वसाधारण संगणकावर चालणाऱ्या या आज्ञावलीने छोट्या कार्यालयांनाही असे केंद्र उभारता येऊ लागले. फ्रान्समधील स्ट्रॅस्बर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह यांनी २००३ मध्ये विद्यार्थिदशेतच हाती घेतलेला प्रकल्प पुढे ‘जित्सी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी निघालेल्या ‘स्काइप’ने मोठी लोकप्रियता मिळविली, परंतु तिचा मूळ मजकूर व संदेशनियम दोन्ही गुप्त होते.

आवाजाचे संकेतन करणाऱ्या अनेक पद्धती एकस्वाधिकारांनी बांधलेल्या असल्यामुळे मुक्तस्रोत आज्ञावलींसमोर अडचण होती. झां-मार्क व्हालँ यांच्या ‘स्पीक्स’ या पद्धतीने तीवर प्रथम मार्ग काढला. २०१२ मध्ये मान्य झालेल्या ‘ओपस’ या स्वामित्वशुल्कमुक्त पद्धतीत स्काइपच्या ‘सिल्क’ या तंत्राचाही अंतर्भाव झाला. मे २०२५ मध्ये स्काइपची सेवा बंद पडली. तिचे हे तंत्र मात्र खुले झाल्यामुळेच टिकून राहिले. याउलट जित्सीची मालकी २०१५ व २०१८ मध्ये बदलली, तरी तिचा मूळ मजकूर सर्वांना उपलब्ध राहिला.

गूगल कंपनीने २०११ मध्ये खुल्या केलेल्या ‘वेबआरटीसी’ या तंत्रामुळे न्याहाळकातच, वेगळी आज्ञावली न बसविता, समोरासमोर बोलण्याची सोय झाली. २०२१ मध्ये ते अधिकृत मानक ठरले. दहा जणांच्या सभेत प्रत्येकाने इतर सर्वांना थेट चित्र पाठविल्यास त्याला नऊ प्रवाह पाठवावे लागतात. जित्सीसारख्या प्रणालीत मध्यवर्ती संगणक प्रवाह पुढे पाठवीत असल्यामुळे एकच पुरतो.

भारतातील स्थिती : भारतात १ एप्रिल २००२ पासून आंतरजाल दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई. देशातील सार्वजनिक दूरध्वनी जालाशी जोडणी मात्र निषिद्ध होती. हा निर्बंध २०१८ मध्ये सैल करण्यात आला. तोवर अ‍ॅस्टेरिस्कसारखी आज्ञावली विनामूल्य मिळत असूनही तिच्या पूर्ण क्षमतेचा उपयोग येथे कायदेशीरपणे करता येत नव्हता.

मर्यादा : मूळ मजकूर मुक्त असला, तरी सेवा चालविण्यास संगणक, वीज व देखभाल लागते. जित्सीच्या सार्वजनिक सेवेवर २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्यास ओळख नोंदवावी लागते. गैरवापर हे त्याचे कारण होते. तसेच मध्यवर्ती संगणकापर्यंतच संभाषण गूढलेखित असेल, तर तो चालविणाऱ्यास ते ऐकणे तत्त्वतः शक्य असते. टोकापासून टोकापर्यंतचे गूढलेखन हाच त्यावरील उपाय आहे. तथापि मूळ मजकूर तपासता येणे आणि गरज पडल्यास स्वतःच्या संगणकावर सेवा उभारता येणे, हे दोन अधिकार केवळ मुक्तस्रोत प्रणालीच वापरणाऱ्यास देते. लोकांचे परस्परांशी बोलणे एखाद्या कंपनीच्या निर्णयावर सर्वस्वी अवलंबून राहू नये, या दृष्टीने या प्रणालींचे महत्त्व मोठे आहे.