हैदराबादचा रुपया, आखाताचा रियाल

नांदेड-लातूरपासून औरंगाबादपर्यंत मराठवाड्यात 'चाऊस' नाव लावणारी कुटुंबे आढळतात. त्यांचे पूर्वज येमेनच्या हदरमौत भागातून निजामाच्या राज्यात चाकरीसाठी आले. हे अरब शिपाई आपली कमाई मायदेशी पाठवत. निजामाच्या फौजेतला जमादार उमर बिन अवद अल-कुऐती याच्या घराण्याने तर इथल्या पैशाच्या जोरावर हदरमौतमध्ये आपले राज्य उभे केले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी अरबस्तानातल्या कित्येक चुली हैदराबादच्या रुपयावर पेटत होत्या.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, अरबांची फौज मोडली. पुढे पारडे फिरले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा पिंप काही महिन्यांत जवळपास बारा डॉलरवर गेला. आखातात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि आपल्याकडचे गवंडी, ड्रायव्हर, वायरमन तिकडे निघाले. वाट जुनीच होती, प्रवास मात्र उलटा.

पण जो पैसा तेलाबरोबर चढतो, तो तेलाबरोबर उतरतोही. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेला पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आला. २०१५ मध्ये सौदी सरकारला सुमारे ९८ अब्ज डॉलरची तूट आली. सरकारने कंत्राटदारांची बिले थकवली, कंत्राटदारांनी मजुरांचे पगार. २०१६ च्या उन्हाळ्यात हजारो भारतीय कामगार पगाराविना, अन्नाविना तिथे अडकले आणि केंद्र सरकारला मंत्री पाठवावा लागला. जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या बायकामुलांवर दरमहा, दरमाणशी शंभर रियाल कर लागला. अनेकांनी कुटुंबे परत धाडली. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार परदेशातून भारतात येणारा पैसा २०१४ मध्ये सुमारे ७० अब्ज डॉलर होता, तो २०१६ मध्ये ६३ अब्जांवर आला.

याच काळात देशाचे आयातीचे बिल हलके झाले. पंपावर मात्र पुरता दिलासा मिळाला नाही, कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. ज्या घराची शेती इथे आणि मुलगा तिकडे, त्याच्या दोन्ही बाजू एकदमच कोरड्या पडल्या.

प्रश्न नशिबाचा नाही, गुंतवणुकीचा आहे. आखाताच्या पैशातून आपण पक्की घरे बांधली, थाटात लग्ने केली. पण राहते घर पगार देत नाही आणि लग्नाचा मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर आहे आणि तो आपल्या दारात आहे. मुलामुलींच्या शिक्षणात, एखाद्या छोट्या धंद्यात घातलेला रियाल तेल उतरले तरी उतरत नाही. जमादाराने चाकरीच्या पैशातून राज्य उभे केले. आपल्याला निदान परतून उभे राहण्यापुरती जागा तरी करून ठेवता यावी.