ठिणगीची बखर

पानिपत का हरलो, यावर आपल्याकडे कोणीही अर्धा तास बोलू शकतो. मोटारसायकल का चालू होत नाही, यावर मात्र सगळी गल्ली बोलते आणि तीही एकाच वेळी. "पेट्रोल आहे का?" हा पहिला प्रश्न. "प्लगला करंट येतोय का?" हा दुसरा, आणि खरा इतिहास इथून सुरू होतो.

मी बी.कॉम. माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण पेट्रोल आणि हवा म्हणजे जमेला पडलेली रक्कम, आणि ठिणगीची सही झाल्याशिवाय ती खर्ची पडत नाही, एवढं मला समजतं. आता सही करणारा साहेबच जागेवर नसतो, हा अनुभव आमच्या गिऱ्हाइकांनाही आहे म्हणा!

जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी 1885 साली जी पहिली मोटारसायकल केली, तिच्यात ठिणगी नव्हतीच. ज्योतीने लालभडक तापवलेली एक नळी सिलिंडरला जोडलेली, तिच्या धगीने पेट्रोल पेटायचं. ही नळी बसवली होती नेमकी बैठकीखाली. डाइमलरचे चिरंजीव पाउल त्या नोव्हेंबरात गाडी घेऊन निघाले आणि वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असं सांगतात. पेटण्याबाबत त्या गाडीची तक्रार करायला जागा नव्हती.

पुढे रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात मॅग्नेटो सुधारला. चुंबकाच्या पोटात तारेचं वेटोळं फिरवायचं आणि करंट काढायचा. बॅटरीचा लाड नाही. बॉशचा सहकारी होनोल्ड याने 1902 पर्यंत त्याला उच्च दाबाची ठिणगी आणि स्पार्क प्लग जोडून दिला. माल इतका चोख, की इंग्रजांनीसुद्धा तोच घेतला. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, पण त्यांच्या मोटारींची ठिणगी मात्र श्टुटगार्टहून येत होती! 1914 च्या ऑगस्टात लढाई जुंपली आणि साहेबाच्या ध्यानात आलं, की आपली सगळी ठेव ज्या पेढीत, तिच्यावरच आपण तोफा लावल्यात. लॉऱ्या, मोटारसायकली, विमानं, सगळ्यांना मॅग्नेटो हवा, आणि घरचं उत्पादन म्हणाल तर तोंडी लावण्यापुरतं. बर्मिंगहॅमची थॉमसन-बेनेट ही एक त्यातली भरवशाची कंपनी. ती त्याच वर्षी लुकासने विकत घेतली. पुढे इंग्रज मोटारसायकलवाल्यांनी याच लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवलं. उपकार कोण लक्षात ठेवतो?

आपल्याकडे 1955 साली मद्रासला बुलेट बनू लागली. तिथल्या पुढच्या गाड्यांना बॅटरी, कॉइल आणि काँटॅक्ट पॉइंट. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा काटा. किक हळूहळू दाबायची, काटा मधोमध आला की पॉइंट उघडले असं समजायचं आणि मग जोर लावायचा. जोर कधी लावायचा हे सांगणारं यंत्र मला तरी दुसरं माहीत नाही.

आमच्या हेड कॅशियरांकडे वडिलांची अशीच एक पॉइंटवाली गाडी होती. कुठली ते सांगत नाही. थंड असताना चालू व्हायची, गरम झाली की चौकात मौन. शेवटी कंटाळून त्यांनी गिऱ्हाईक बघितलं. बंद गाडीचा भाव भंगाराचा, म्हणून त्या दिवशी म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवला आणि किक मारायला लावली. ठिणगी पिवळट, मरतुकडी. पॉइंट घासले, फट इंचाच्या हजार भागांपैकी 15 धरली. तरी तेच! मग दिवा विझवायला सांगून अंधारात पॉइंटकडे बघितलं. तिथे निळीजांभळी दिवाळी चालली होती.

"साहेब, ठिणगी आहे. पण नको तिथं आहे."

म्हणजे कंडेन्सर गेलेला. पॉइंट उघडताना उसळणारा करंट पोटात घ्यायचं त्याचं काम. ते तो करीना, म्हणून करंट पॉइंटवरच उधळून जायचा आणि प्लगपर्यंत पोचायचं ते चिल्लर. करंगळीएवढी डबी. मेस्त्रींनी खिशातून दुसरी काढून बसवली.

दुसऱ्या किकला गाडी बोलली. गिऱ्हाईक नोटा मोजत पुढे आलं. "गरम झाल्यावर बंद पडते का, ते बघून येतो," म्हणून हेड कॅशियर बसले ते गेले. पाऊण तास झाला. गिऱ्हाइकाला तिसरा चहा मी पाजला.